चिवड्याचं वजन

मसाल्याचं प्रमाण चुकू नये म्हणून बायकोनं हौसेनं घेतलेला डिजिटल वजनकाटा आमच्या घरात आता मसाल्याला मिळत नाही. रोज सकाळी शाळेची रिक्षा यायच्या आधी मुलगी त्यावर स्टीलचं पातेलं ठेवते, आकडा शून्यावर आणते, पातेल्यात चिवड्याला बसवते आणि वहीत ग्रॅम लिहिते. चिवडा म्हणजे आमचा गिनीपिग. काळा, पांढरा आणि फोडणीत हळद जरा जास्त पडल्यासारखा पिवळट, असे तीन रंग अंगावर, म्हणून चिवडा. नाव पुल्लिंगी आणि प्राणी स्त्रीलिंगी, हे आम्हाला नंतर कळलं. दुकानदाराला ते कळलं नव्हतं, की कळूनही त्याला फरक पडत नव्हता, देव जाणे.

गोष्ट गेल्या जुलैमधली. मुलीला कुत्रा हवा होता. कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट, दोघांच्या नोकऱ्या आणि आईचे गुडघे, एवढं सगळं पुढे करून मी तिला ‘छोटं काहीतरी’वर आणलं. छोटा प्राणी म्हणजे छोटं काम, असा माझा साधा हिशेब होता.

दुकान पेठेतलं, अरुंद आणि खोल. एका पिंजऱ्यात सात-आठ गिनीपिग आणि त्यांच्यातच दोन ससे. खाली तळ म्हणून नुसती लोखंडी जाळी. चिवडा कोपऱ्यात बसून मागच्या पायानं मानेला खाजवत होता. खाजवून झालं की अंग झटकायचा आणि पुन्हा सुरू. मुलीला ते फार गोड वाटलं. ‘खेळतोय,’ दुकानदार म्हणाला. ‘नर आहे साहेब, दीड-दोन महिन्यांचा. ह्यांना काही होत नाही. बाजरी-गहू टाका, काकडी टाका. पाणी लागत नाही, काकडीतनं मिळतं.’ सहाशे रुपये, पिंजरा वेगळा, खाद्याची एक पिशवी वेगळी. पावती म्हणजे छापील पॅडचा एक चिटोरा, त्यावर लिहिलेलं ‘एक नग’.

निघताना तो हळूच म्हणाला, ‘पोपट हवा असेल तर सांगा, आत आहेत.’ आपल्याकडचे पोपट विकायला आणि पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. जो माणूस आतल्या खोलीत पोपट ठेवतो, त्यानं बाहेरच्या पिंजऱ्याबद्दल सांगितलेलं खरं का मानायचं, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. तो पडला चार दिवसांनी.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मी पोतंभर लाकडाचा भुसा आणला आणि पिंजऱ्यात पसरला. दुसऱ्या दिवसापासून चिवडा शिंकायला लागला. शिंक एवढीशी, चिमणीनं चोच पुसावी तशी, त्यामुळे आम्ही हसलो. चौथ्या दिवशी मानेमागे रुपयाएवढी जागा उघडी पडली, तिथे कोंडा आणि खाजवून आलेलं रक्त. सहाव्या दिवशी मुलीनं त्याला उचललं, तर तो हातातच आडवा झाला. मान मागे, पाय ताणलेले, मग जोरजोरात लाथा. अर्धा मिनिट असेल. मुलगी किंचाळली नाही, पण जी गप्प झाली ती रात्रीपर्यंत बोलली नाही. आई म्हणाली, ‘अरे, फिट आली त्या उंदराला.’ आईसाठी तो पहिल्या दिवसापासून उंदीर होता.

घराजवळच्या पशुवैद्यांनी लांबूनच बघून सरळ सांगितलं, ‘मी कुत्री-मांजरं बघतो. ह्यात मला हात घालायचा नाही. एक्झॉटिक बघणारे डॉक्टर शोधा.’ तेव्हा वाईट वाटलं होतं, पण आज त्यांचे आभार मानतो. जे डॉक्टर सापडले ते बाणेरच्या बाजूला, आणि वेळ मिळाली दुसऱ्या दिवशी सकाळची. मधली रात्र काढायची होती.

त्या रात्री मी जे करणार होतो ते लिहायलाच हवं. फ्रिजमध्ये मुलीच्या सर्दी-खोकल्याच्या वेळचं ॲमॉक्सिसिलिनचं सिरप उरलं होतं. शिंका आहेत, म्हणजे इन्फेक्शन, मग दोन थेंबांनी काय बिघडणार? सिरिंजमध्ये भरूनही ठेवलं होतं. बायको म्हणाली, ‘एक रात्र थांब.’ केवळ म्हणून थांबलो. सकाळी डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या आतड्यातले गवत पचवणारे चांगले जिवाणू मरतात, वाईट जिवाणू वाढून विष तयार करतात आणि प्राणी काही दिवसांत जातो. जे माझ्या मुलीला बरं करतं, त्यानं चिवडा मेला असता.

तपासणी सुरू होण्याआधी त्यांनी विचारलं, ‘आणलात तेव्हा वजन किती होतं?’

‘माहीत नाही.’

‘म्हणजे आज वाढलंय की उतरलंय, तेही माहीत नाही.’ त्यांनी चिवड्याला काट्यावर ठेवलं. ४१८ ग्रॅम. ‘हे लिहून ठेवा. शिकार होणारा प्राणी आजार दाखवत नाही, दाखवला की कोणीतरी खातं त्याला. तुम्हाला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काट्याला आधी कळतं.’

मग त्यांनी बोथट ब्लेडवर तेलाचा थेंब घेतला आणि उघड्या जागेच्या कडेला हलकेच खरवडलं. तो खरवड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली लावला, थोडा वेळ सरकवत राहिले आणि मुलीला म्हणाले, ‘ये, बघ. हलतंय ते दिसतंय?’ तिनं बघितलं, मग मी बघितलं. गोल, धूसर, पारदर्शक काहीतरी, कडेनं आखूड पाय, आणि ते पाय वल्ही मारल्यासारखे चाललेले. ट्रिक्साकॅरस केव्हिई. गिनीपिगची खरूज. साध्या डोळ्यांना दिसत नाही, कातडीत बोगदे करून राहते. फिट वाटली ती मेंदूतली फिट नव्हतीच. खाज इतकी भयानक असते की नुसता हात लागला तरी प्राण्याला असा झटका येतो. मुलीनं विचारलं, ‘म्हणजे मी उचललं म्हणून?’ डॉक्टर म्हणाले, ‘तू उचललंस म्हणून कळलं.’ तिच्यासाठी त्या दिवसाची फी त्या एका वाक्यात वसूल झाली.

औषध आयव्हरमेक्टिन, ग्रॅमला मोजून. ‘माणसाच्या वजनात अर्धा किलो इकडेतिकडे चालतं. इथे अर्ध्या किलोत अख्खा प्राणी बसतो,’ ते म्हणाले. औषधानं अंडी मरत नाहीत, त्यामुळे ती फुटून बाहेर येणाऱ्यांसाठी ठरावीक दिवसांनी पुन्हा डोस. असे एकूण तीन.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी निघाल्या. एक, भुसा बंद. त्याच्या धुळीनं आणि लाकडातल्या तेलांनी श्वासनलिका हुळहुळते. शिंकांमागे दुसरंही कारण असू शकतं, कारण सशांच्या नाकात बोर्डेटेला नावाचा जिवाणू मुकाट राहतो, त्यांना तो फारसा त्रास देत नाही, पण गिनीपिगला त्यानं न्यूमोनिया होतो. सशांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवणं म्हणूनच वाईट. छाती साफ होती, ते नशीब. दुसरी, बाजरी-गहू बंद. ही पक्ष्यांची पिशवी होती. ह्याला मुख्य अन्न गवत, कारण दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. पाण्याची बाटली कायम भरलेली हवी. आणि क जीवनसत्त्व रोज बाहेरून द्यायचं, ते माणसासारखंच त्याला शरीरात बनवता येत नाही. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक ह्या दोन नॉर्वेजियन संशोधकांना गिनीपिगला स्कर्व्ही होतो हे दिसलं आणि तिथून ह्या जीवनसत्त्वाचा शोध पुढे सरकला. आपण ‘मला गिनीपिग केलं’ म्हणतो ना, त्यातला थोडा भाग हा.

तिसरी गोष्ट त्यांनी पोट वळवून बघताना सांगितली. ‘मादी आहे.’ मुलीनं हट्टानं जाहीर केलं की नाव चिवडाच राहणार. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, ‘नरांबरोबर ठेवली होती ना? मग लक्ष ठेवा.’ मी मान हलवली. मान हलवणं आणि लक्षात ठेवणं ह्यात किती अंतर असतं, ते पुढे येतं.

पहिल्या डोसनंतरची रात्र सगळ्यात वाईट होती. तिनं खाणं सोडलं. सकाळी काटा ४०१ दाखवत होता. फोनवर डॉक्टर म्हणाले, ह्यांचं आतडं थांबता कामा नये, बारा तासांच्या वर उपास म्हणजे धोका, भरवायला लागा. गिनीपिगचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून त्याची पेज केली आणि एक मिलिलिटरची सिरिंज घेतली. पुढचे दात आणि दाढा ह्यांच्यामध्ये एक मोकळी फट असते, तिथून बाजूनं थोडं थोडं सोडायचं. समोरून ढकललं तर श्वासात जातं. मी थरथरत्या हातानं एक थेंब आत आणि चार थेंब टॉवेलवर असं चालवलं होतं. मागे आई उभी. थोडा वेळ तिनं सहन केलं. मग म्हणाली, ‘गुटी अशी देतात का? सर तिकडे.’ आणि गुडघे धरत पाटावर बसली. उंदराला पदराच्या टोकात गुंडाळून मांडीवर घेतलं, हनुवटीखाली एक बोट ठेवलं, आणि सिरिंजचं टोक गालातून असं सरकवलं की चिवडा चघळायलाच लागली. दर दोन तासांनी. पहाटेच्या पाळीला मी उठलो तर आई आधीच बसलेली होती.

तिसऱ्या दिवशी ४१२.

त्याच आठवड्यात मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लाल गोल उठला. बायकोनं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘गजकर्णाची ट्यूब’ आणली. दोन दिवसांत लाली गेली आणि आम्ही खूश. आठवड्यानं तोच गोल दुप्पट झाला, मधून फिका, कडा पुसट. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब हातात घेऊन मागची अक्षरं वाचली आणि सुस्कारा सोडला. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉईड होतं. स्टेरॉईडनं खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र निवांत पसरते, आणि मग डॉक्टरलाही ओळखणं अवघड होऊन बसतं. ‘असे रोज येतात माझ्याकडे,’ त्या म्हणाल्या. पुढचा प्रश्न, ‘घरात प्राणी आहे?’

चिवड्याला खरजेबरोबर बुरशीही होती. पशुवैद्यांनी केस उपटून कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून तपासायला, दिले. निळ्या दिव्याखाली काही चमकलं नव्हतं, पण गिनीपिगला जी बुरशी सहसा होते ती त्या दिव्यात चमकतच नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कल्चर यायला दहा-बारा दिवस लागले. तोवर त्यांनी पोटातून काही दिलं नाही, फक्त वरून लावायचं औषध. ‘का, हे कळेल,’ एवढंच म्हणाले. घरात हातमोजे आले, गरम पाण्यात सगळं धुणं सुरू झालं. भुशाऐवजी आईच्या जुन्या नऊवारीची छोटी गोधडी पिंजऱ्यात अंथरली, म्हणजे रोज बदलता येते. मुलीला मलम चार आठवडे. शाळेच्या वहीत ‘पोहायला नको’ अशी चिठ्ठी.

मी दुकानात गेलो. भांडायला नाही, असं घरी सांगून गेलो. रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, त्या पिंजऱ्यातल्या सगळ्यांनाच हे असणार. त्यानं रिपोर्टकडे बघितलं नाही. ‘आमच्याकडे ठणठणीत होता. वाटल्यास बदलून घ्या.’ साडीवर डाग निघाला की बदलून देतात, त्या आवाजात. मी विचारलं, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का? २०१८ च्या नियमांनुसार प्राणी विकणाऱ्या दुकानाला ती लागते. त्यानं भिंतीवरची चौकट दाखवली. शॉप ॲक्टचा परवाना होता. जवळ जाऊन मी तो पूर्ण वाचला, पुणेकराला शोभेल असा, आणि म्हटलं, हा दुकानाचा आहे, प्राण्यांचा नाही. तो म्हणाला, ‘पावडर मारतो त्यांना.’ मागे पिंजऱ्यात एक पांढरा गिनीपिग मानेला खाजवत होता. बदलून घ्यायचं म्हणजे चिवड्याला त्या जाळीवर परत ठेवायचं. मी घरी आलो. लेखी तक्रार पाठवली, पोच मिळाली, पुढे काय झालं त्याची वाट अजून बघतोय.

ऑगस्ट सुरू झाला आणि वहीतले आकडे पळायला लागले. ४६०. ५१५. ५८०. मानेवर मऊ लव आली. मंडईतून येताना मी दूर्वांच्या जुड्या आणायचो, कारण हरळी हे तिचं आवडतं गवत. ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबिरीची काडी, कधी पेरूची फोड. फ्रिजचं दार उघडलं की ती शिट्टी घालायची, एवढ्याशा जिवातून कुकरसारखी. बारा दिवसांत शंभर ग्रॅम वाढले तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. आम्ही बरं केलं, अशा थाटात.

तपासणीला गेलो तेव्हा काटा ७०२ वर होता. ‘छान वाढलंय,’ डॉक्टर म्हणाले, आणि पोटाखाली बोटं सरकवून क्षणभर थांबले. ‘जरा जास्तच छान.’ सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठिकाणी काहीतरी भराभर लुकलुकत होतं. गर्भार राहिलेलीच विकली होती, आणि ‘लक्ष ठेवा’ हे वाक्य मी बाणेरहून कोथरूडला येईपर्यंत विसरलो होतो. पोटातून घ्यायची बुरशीची औषधं त्यांनी का टाळली, तेही तेव्हा समजलं. त्यातली काही पिल्लांना घातक असतात.

मला भीती घातली ती पुढच्या माहितीनं. गिनीपिगची पिल्लं आईच्या मानानं मोठी असतात. ती बाहेर यावीत म्हणून आईच्या कंबरेखालचं पुढचं हाड मधोमध सैल होऊन उघडावं लागतं. पहिलं बाळंतपण वेळेत झालं तर ते उघडतं, पण सहा-सात महिन्यांच्या पुढे गेलं तर तो जोड आवळून बसतो, पिल्लू अडकतं आणि ऑपरेशनमध्ये आई वाचेलच असं नाही. चिवड्याचं वय आमच्याकडे दुकानदाराच्या तोंडचं होतं. त्याच तोंडानं तिला नर म्हटलं होतं. डॉक्टरांना दात आणि बांधा बघून वाटत होतं की लहान आहे, उघडेल. पण ‘वाटतं’ हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. क जीवनसत्त्व वाढवलं. एरवी कमी द्यायला सांगितलेला लसूणघास आता कॅल्शियमसाठी चालेल म्हणाले. उचलायचं कमीत कमी, वजनासाठी पातेल्यात तिनं आपणहून चढायचं. मुलीनं कोथिंबिरीची काडी आत ठेवून दोन दिवसांत तेही शिकवलं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी बोटाच्या टोकानं तो जोड चाचपला आणि पहिल्यांदा हसले. उघडायला लागला होता. ८४६ ग्रॅम, अंगानं भाकरीच्या गोळ्यासारखी पसरलेली. आमच्या चौकातल्या मंडळाच्या ढोल-ताशांची धास्ती होती, म्हणून पिंजरा मागच्या खोलीत, खिडक्यांना रजया. घरच्या गणपतीला आणलेल्या दूर्वांमधल्या एकवीस मोजून वाहिल्या, उरलेली जुडी कुठे गेली ते सांगायला नको. आईनं तेवढ्यात ‘वाहन’ वगैरे म्हणून घेतलंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं हाक मारली. ‘उठ रे, झाली.’ मी जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. गोधडीच्या घडीत दोन पिल्लं, डोळे उघडे, अंगभर केस, दात आलेले, आईची हुबेहूब छोटी प्रत. एक तर चालत होतं. संध्याकाळपर्यंत त्यातल्या एकानं हरळीची काडी तोंडात धरून चघळूनही बघितली. मुलीनं पातेल्याऐवजी आमटीची वाटी काट्यावर ठेवली. ८१ आणि ७४. नावं आधीच ठरलेली होती, दाणा आणि डाळं. चिवड्याच्या वजनाची ओळ तिनं लिहिली, ६४०, आणि पुढे कंसात ‘रिकामी’.

खर्चाचा आकडा बायकोनं काढला, मी लिहिणार नाही. सहाशेच्या पुढे एक शून्य लावा आणि मग दुप्पट करा, असं साधारण.

दाणा नर निघाला. ह्या वेळी डॉक्टरांचं वाक्य मी घरी येईपर्यंत विसरलो नाही, फ्रिजवरच चिकटवलं, ‘तीन आठवड्यांच्या आत वेगळा.’ एवढ्या वयात नर तयार होतो, आई-बहीण तो बघत नाही. विसाव्या दिवशी दाण्यासाठी दुसरा पिंजरा लावला, जाळीला जाळी टेकवून, म्हणजे एकमेकांना दिसतील. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर आई खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होती, मांडीवर आणखी एका नऊवारीचा तुकडा. ‘त्याला वेगळी नको का गोधडी?’ ती म्हणाली. ‘थंडी सुरू होईल आता.’